सकाळच्या पहिल्या सेल्फला धूर: जुन्या गाडीचं इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं

रात्रभर अंगणात उभी असलेली जुनी गाडी सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो. दोन-चार मिनिटांत तो कमी होतो आणि मग दिवसभर दिसत नाही. मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो, बोलेरो, मार्शल अशा विदर्भात गावोगावी अजून चालणाऱ्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: "इंजिनचं काम निघालं." हे उत्तर लगेच मान्य करू नका. फक्त सुरुवातीला येणारा धूर आणि दिवसभर येणारा धूर यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि पहिल्या प्रकारातली बरीचशी कारणं हेड (सिलेंडरांवरचं इंजिनचं झाकण) न उतरवता सापडतात.

लक्षणं

धूर पाहायचा तो गाडी किमान आठ तास बंद राहिल्यानंतरच. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या बाजूला, वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. चार गोष्टी टिपायच्या: रंग, वास, किती वेळ टिकतो आणि त्या वेळात इंजिन एकसारखं चालतं की मिसफायर मारतं. मोबाइलवर व्हिडिओ जरूर काढा. गाडी तालुक्याच्या गॅरेजपर्यंत जाईस्तोवर इंजिन तापतं, धूर गायब होतो आणि मिस्त्रीला अंदाजावर काम करावं लागतं.

पातळ पांढरी वाफ, वास नाही, नळीच्या टोकाला पाण्याचे थेंब: हा बिघाडच नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गरम सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जातं, थंड सायलेन्सरमध्ये साचतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला की ही वाफ डोळ्यांना दिसते. गाडी फक्त गावापासून फाट्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर सायलेन्सर कधी कोरडाच होत नाही आणि आतून गंजतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा.

निळसर भपका, जळक्या ऑइलचा वास, अर्ध्या मिनिटात साफ: व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरचं ऑइल अडवणारं रबर). निळा धूर थांबतच नाही आणि रेस दिली की वाढतो: रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), बोअर (सिलेंडरची आतली भिंत) किंवा टर्बो.

राखाडी-पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास, सोबत इंजिन थरथरतं: डिझेल आत जातंय पण जळत नाही. डिझेल गाड्यांत सकाळचा धूर बहुतेक हाच असतो.

काळा धूर: हवा कमी किंवा इंधन जास्त.

पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा, आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय: कुलंट सिलेंडरमध्ये उतरतोय. हा दिसला तर पुढच्या तपासण्या वाचत बसू नका, शेवटचा भाग आधी वाचा.

रंगाबद्दल शंका असेल तर पांढरा कागद सायलेन्सरच्या टोकापासून वीतभर अंतरावर मिनिटभर धरा आणि मग उन्हात वाळवा. पाण्याचा डाग वाळून जातो. ऑइलचा आणि डिझेलचा तेलकट डाग राहतो, त्यातला फरक वासावरून कळतो. कोरडी काजळी म्हणजे काळा धूर.

गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये गाडी उभी असेल तर हे सगळं गाडी बाहेर ढकलून करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिलं काम डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, सेल्फ मारण्याआधी. पट्टी पुसून पुन्हा घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढे असेल तर क्रँक ते उसळवतो, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ते हवेच्या वाटेत जातं आणि निळा धूर येतो. पट्टी न पाहता "थोडं टाकून द्या" म्हणून वरून ओतलेलं अर्धा लिटर हे या धुराचं फार साधं कारण आहे. जादा ऑइल खालच्या नटातून काढलं की काम संपलं.

पण ऑइल न टाकताच पातळी वाढत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळतंय. दोन्हीत गाडी सुरू करायची नाही, कारण अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत आणि काही हजारांचं काम इंजिन बदलण्यावर जातं. फक्त फिलर कॅपच्या आतल्या बाजूला थोडा पांढुरका थर असेल आणि पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका. थंडीत कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो दवामुळे जमतो.

दुसरं, पाणी. रेडिएटरचं झाकण फक्त इंजिन थंड असताना उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. बाटलीवर पेनाने पातळीची खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी पाहा. बाहेर कुठे ओल नाही, होज कोरडे आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर पाणी आत जातंय. आपल्याकडे याचं मूळ बऱ्याचदा भरलेल्या पाण्यातच असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की हेडमधल्या वाटांत क्षार बसतात, इंजिन एका जागी जास्त तापतं, आणि मे महिन्यात ४५ अंशांत हेड गॅस्केट (हेडखालचं सील) जातं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट समसमान मिसळून टाका.

तिसरं, एअर फिल्टर. सोयाबीन-तुरीची मळणी चालू असताना थ्रेशरजवळून रोज गाडी जात असेल तर महिन्याभरात फिल्टर भुश्शाने भरतो. घरात कापूस किंवा धान्य साठवलेलं असेल तर फिल्टरचा डबा उघडून उंदराचं घर आहे का तेही पाहा. उंदीर नळीतून आत जाऊन कापसाचं घर करतात. फिल्टर काढून बल्बसमोर धरा. उजेड आरपार दिसला नाही तर बदला. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नका आणि हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. काळा धूर बहुतेक इथेच संपतो. न संपल्यास जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोकची तार अडकून चोक अर्धा बंद राहिलाय का पाहा. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत कुलंट तापमानाचा सेन्सर बिघडला की इंजिन कायम थंडच आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडलं जातं.

चौथं, सेल्फ किती जोरात फिरतो. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. सेल्फ रडत फिरला तर दाबलेली हवा थंड सिलेंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते आणि डिझेल धुक्यासारखं बाहेर पडतं. मल्टीमीटरने सकाळी बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. मीटर नसेल तर सेल्फ मारताना हेडलाइट पाहा. अगदीच मंद होत असेल तर बॅटरीत दम नाही. बॅटरी बदलण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुवा, तार घासा आणि इंजिनवरून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून तिची जागा चकचकीत करा. गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

इंधनाची वाट

पेट्रोल पंप लांब असल्यामुळे कॅनमध्ये डिझेल भरून ठेवायची सवय गावात सगळीकडे आहे. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये ओल सुटते आणि तळाशी पाणी बसतं. तळाचं शेवटचं लिटरभर डिझेल गाडीत ओतू नका. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून तो सैल करा आणि पेलाभर डिझेल काढा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, मग हँडपंप (डिझेलच्या वाटेवरचा, हाताने दाबायचा छोटा पंप) मारून आत अडकलेली हवा काढा.

हँडपंप आणखी एक गोष्ट सांगतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी तो पंधरा-वीस वेळा, कडक लागेपर्यंत दाबा. तेवढ्याने गाडी पटकन आणि कमी धुरात सुरू झाली तर रात्री कुठून तरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परत जातंय. अशा वेळी तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप, फिल्टरचं सील, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर पाहा. फिल्टरपासून गाडीच्या डिझेल पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक डिझेल-नळी लावली तर बुडबुडे उघड दिसतात. या दोषाचा सगळा खर्च नळी आणि क्लिपचा आहे, आणि यासाठी डिझेल पंप खोलून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. इथेनॉल ओल ओढतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा पडू शकतो. कमी वापराच्या गाडीत थोडंच पण ताजं पेट्रोल ठेवा आणि कार्बोरेटरच्या जुन्या रबरी भागांवर लक्ष ठेवा.

हीटर प्लग

थंडीत डिझेल गाडीचा राखाडी-पांढरा धूर, वरचं सगळं ठीक, आणि उन्हाळ्यात हाच त्रास जवळपास नाही, तर दोष हीटर प्लगमध्ये, म्हणजे सुरू करण्याआधी सिलेंडरमधली जागा तापवणाऱ्या प्लगमध्ये, शोधा. जुन्या इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात प्रत्येक सिलेंडरला एक असे चार असतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या काही जुन्या इंजिनांना ते नसतात, म्हणून आधी आपल्या इंजिनाला आहेत का ते पाहा.

पहिली चाचणी फुकटची. चावी ऑन करा, डॅशबोर्डवरचा पिळाच्या आकाराचा हीटर प्लगचा दिवा विझू द्या, चावी बंद करून पुन्हा ऑन करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. धूर ठळकपणे कमी झाला तर प्लग अशक्त आहेत किंवा त्यांना पूर्ण वेळ करंट मिळत नाही.

दुसरी चाचणी टेस्ट लॅम्पची. प्लगना जोडणारी धातूची पट्टी काढा. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा. लॅम्प पेटला तर प्लगची आतली तार शाबूत आहे, नाही पेटला तर प्लग मेलेला. मल्टीमीटरवर चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. चारपैकी एक मेला असेल तर गाडी थरथरत आणि थोडा धूर काढत सुरू होते. दोन मेले की सकाळी सेल्फ दम खाऊन खाऊन मारावा लागतो.

सगळे प्लग चांगले निघाले तर पट्टी परत लावा आणि कोणाला तरी चावी ऑन करायला सांगून पट्टीवर व्होल्ट मोजा. सुरुवातीचे काही सेकंद ११ च्या आसपास यायला हवेत. काहीच येत नसेल तर फ्यूज किंवा रिले. प्लगचा अख्खा सेट बदलूनही धूर तसाच राहिला, अशा गाड्यांत बहुतेक रिलेकडे कोणी पाहिलेलं नसतं.

प्लग काढताना घाई नको. वर्षानुवर्षं बसलेला प्लग कार्बनने जाम असतो. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा, इंजिन कोमट असताना पाना लावा, थोडा सोडवा, थोडा आवळा, पुन्हा सोडवा. हाताला पिळ जाणवला पण प्लग फिरत नाही, तर तिथेच थांबा. हेडमध्ये मोडलेला प्लग काढायला हेड उतरवावं लागू शकतं. काढलेला प्लग हातात धरून थेट बॅटरीला लावून पाहू नका, तो काही सेकंदांत लालभडक होतो आणि टोक फुटू शकतं.

ट्रॅक्टरला करतात तसं हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं हीटर प्लगच्या इंजिनाला अजिबात चालत नाही. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंगा फुटतात.

व्हॉल्व्ह सील की रिंगा

निळ्या धुरात खरा निर्णय हा आहे, कारण एकाचा खर्च दुसऱ्याच्या कित्येक पट असतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील वयाने आणि उष्णतेने कडक होतं. रात्री हेडमधलं ऑइल दांडीवरून थेंब थेंब खाली उतरून पिस्टनच्या डोक्यावर साचतं. सकाळी पहिल्या अर्ध्या मिनिटात तेवढंच जळतं आणि धूर संपतो. याची खात्री उतारावर पटते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना एक्सलरेटर सोडून गिअरवर गाडी उतरवा आणि खाली आल्यावर एकदम रेस द्या. मागे निळा भपका आला तर सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी). चढावर, लोड असताना, सतत निळा धूर येत असेल तर रिंगा.

रिंगांची आणखी एक साधी खूण: इंजिन गरम आणि चालू असताना ऑइलची फिलर कॅप सैल करून वर ठेवा. थोडी थरथरली तर ठीक. उडून पडली किंवा तिथून एकसारखा धूर येऊ लागला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलेंडरमधला दाब झिजलेल्या रिंगांजवळून खाली निसटतोय. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगही काढून पाहा. एकच ओला-काळा तेलकट निघाला तर दोष त्या सिलेंडरचा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर तिथे पाणी शिरतंय.

कॉम्प्रेशन गेज असेल तर पेट्रोल इंजिनावर स्वतः तपासता येतं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशनची जोडणी काढलेली, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला. सिलेंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चहाचा एक चमचा ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलचा दाब याच्या दुपटीहून जास्त असतो, गेजही वेगळं असतं, आणि ऑइल टाकायची युक्ती तिथे करू नये. ते काम गॅरेजचं.

सील गेलेली गाडी लगेच खोलायलाच हवी असं नाही. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून मीटरचा आकडा लिहून ठेवा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा कमी खात असेल आणि पीयूसी निघत असेल तर पट्टी दर आठवड्याला पाहत निवांत चालवा. बदलायचेच असतील तर बऱ्याच इंजिनांत सिलेंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वरच धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात. तसं करणारा मिस्त्री शोधा. धूर लपवायला बाटलीतली औषधं किंवा खूप जाड ऑइल टाकू नका. जाड ऑइल थंडीत वर पोचायला वेळ लावतं आणि कॅमशाफ्टची झीज वाढते.

नोझल

हीटर प्लग आणि बॅटरी चांगले असून राखाडी धूर आणि मिसफायर उरलाच तर बहुतेक नोझल (सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) टपकतंय. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत आयडलिंगवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा पिळ सैल करतात. ज्याच्यामुळे इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीच काम करत नाहीये. डोळ्यांना चष्मा लावा, हात लांब ठेवा. स्विफ्ट डिझेल किंवा स्कॉर्पिओ सीआरडीई अशा कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) हे कधीही करू नका. तिथे डिझेल हजार बारच्या वर दाबाने धावतं, कातडी भेदून आत शिरतं आणि हात कापायची वेळ येते.

नोझलचा फवारा आणि दाब मशीनवरच कळतो, म्हणून ते काढून जिल्ह्याच्या ठिकाणच्या पंप-नोझलच्या दुकानात द्या. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच टाका.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

ऑइल दुधाळ. कुलंट रोज कमी आणि गोड वासाचा पांढरा धूर. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. सेल्फ एकदम अडकून "टक्" असा आवाज. यात सिलेंडरमध्ये पाणी असू शकतं आणि पुन्हा सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलचा लाल दिवा विझत नाही. खालून ठोकल्यासारखा आवाज. यातलं काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या. पंपाचं टायमिंग, टर्बो आणि कॉमन रेलची कुठलीही नळी यांना स्वतः हात लावू नका.

डिझेल गाडीत दाट धुरासह रेस आपोआप वाढू लागली आणि चावी काढूनही इंजिन थांबेना, तर ते स्वतःच्या ऑइलवर धावतंय. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. तरी थांबलं नाही तर सगळ्यांना लांब करा. हवेच्या तोंडावर हात धरू नका.

गॅरेजमध्ये व्हिडिओ दाखवा, वरच्या तपासण्यांत काय निघालं ते सांगा आणि हेड उतरवण्याआधी सगळ्या सिलेंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागून घ्या. हेड उतरलंच तर लेथवाल्याकडून ते सपाट आहे का आणि तडा गेलाय का हे तपासून घ्या. नुसतं नवं गॅस्केट वाकलेल्या हेडखाली टिकत नाही. त्याच खर्चात व्हॉल्व्ह सीलही नवे टाकायला सांगा आणि काढलेले जुने भाग मागून घ्या.